बीएस्सी फिजिक्स केलं तर पुढं काय? वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

बारावीचा निकाल लागला की या सदराला पत्रं वाढतात, पण यावेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकट्या फिजिक्सबद्दल आलेत, सोलापूर शहरातनं आलेत, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटहूनही आलेत. मी इथंच सोलापुरात तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळं जे लिहितोय ते वर्गात आणि लॅबमध्ये मुलांबरोबर बघितलेलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापत नाही.

सर, मी विडी घरकुलला राहतो. बारावीला पीसीएम होतं, ६८ टक्के पडले, सीईटीत विशेष काही जमलं नाही. प्रायव्हेट इंजिनिअरिंगची फी आम्हाला झेपणार नाही, आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. फिजिक्स मनापासून आवडतं पण शेजारीपाजारी सगळे म्हणतात बीएस्सी करून काय मिळतं, शेवटी शिकवण्याच घेत बसशील. घेऊ का नको?

घे. पण त्याआधी आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं ते तपासून बघ, कारण बारावीपर्यंतचं फिजिक्स बऱ्याच मुलांना फॉर्म्युल्यात आकडे टाकून उत्तर बरोबर येतं म्हणून आवडतं आणि बीएस्सीत ते तसं राहत नाही, तिथं डिफरन्शियल इक्वेशन येतात, व्हेक्टर कॅल्क्युलस येतं, पुढं क्वांटम मेकॅनिक्स आलं की डोळ्यांसमोर चित्रच उभं राहत नाही आणि सगळा भार गणितावर पडतो. म्हणून एक कर, सिंपल पेंड्युलमचं डेरिव्हेशन घे, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिही. कुठंतरी अडशीलच. अडल्यावर कागद बाजूला ठेवावासा वाटला तर थांब, दुसरं काहीतरी बघ, पण तासभर त्याच ओळीवर डोकं खाजवत बसलास आणि आई जेवायला हाक मारतेय तरी उठला नाहीस, तर बिनधास्त ॲडमिशन घे.

आता शेजाऱ्यांचं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना जे दिसतं ते सांगतात. डॉक्टरची पाटी दारावर असते, वकिलाची असते, फिजिक्सवाल्याची पाटी कुठंच नसते. तो विमानतळावर कंट्रोलर असतो, हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट असतो, कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट असतो, फॉरेन्सिक लॅबमध्ये असतो, पेटंट ऑफिसमध्ये एक्झामिनर असतो, कुठल्यातरी कंपनीच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये वजनं आणि थर्मामीटर तपासत असतो, आणि गल्लीत त्याची ओळख फक्त 'नोकरीला आहे' एवढीच असते. रस्ते आहेत. फक्त ते आपोआप समोर येत नाहीत, आधी माहीत करून घ्यावे लागतात आणि प्रत्येकाची अट वेगळी असते.

त्यातल्या दोन गोष्टी मी प्रत्येक मुलाला सांगत आलोय. पहिली, गणित सोडू नकोस. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालंय, त्यात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडीचा विषय, निवडायचं असतं, तू मेजर फिजिक्स घेतलंस की मायनर मॅथ्सच घे, मित्र काय घेतोय आणि कुठल्या विषयात मार्क सोपे पडतात ते बघू नकोस. आयआयटीत एमएस्सीला जायची जी जॅम परीक्षा असते तिच्या फिजिक्सच्या सिलॅबसचा पहिलाच भाग मॅथेमॅटिकल मेथड्स आहे, यावरनं काय ते समजून घे.

दुसरी, प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं कर. आपल्याकडं चार जणांचा ग्रुप असतो, एक जण स्पेक्ट्रोमीटर लावतो, बाकीचे तिघं त्याचं रीडिंग उतरवतात आणि जर्नल सबमिट होतं. माझ्याकडं एक मुलगा होता, घरी यंत्रमाग, लहानपणापासून धोटा-धागा जुळवायची सवय, मार्क बेताचे, पण न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग लावला की सोडियम लॅम्पखाली त्याला पाच मिनिटांत रिंग्ज स्वच्छ दिसायच्या, बाकीचे अर्धा तास डोळा लावून बसायचे. पुढं तो लॅबची उपकरणं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला, आता देशभर फिरतो. इंटरव्ह्यूत त्याला टक्केवारी कुणी विचारलीच नाही, समोर एक बिघडलेलं मशीन ठेवलं आणि बघ म्हणाले.

कॉलेजचं विचारलं नाहीस पण सांगतो. दयानंद १९४० सालचं आहे, संगमेश्वर १९५३ चं, वालचंद आहे, आपल्या पाल्यांना कुठं घालायचं यावरनं सोलापुरात घरोघरी वाद होतात. तू नावावर जाऊ नकोस. ॲडमिशनच्या आधी एकदा फिजिक्सची लॅब दाखवा म्हण, टेबलवर धूळ आहे का बघ, मुलं उपकरणं हाताळतायत का बघ, आणि सिनियर मुलांना विचार की प्रॅक्टिकलला सर थांबतात का. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते, आणि चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. हा निर्णय आज घ्यायची गरज नाही, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घे, पण तेव्हा नक्की घे. बरीच मुलं तो तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर घेतात आणि तोवर जॅमची तारीख गेलेली असते, कारण ती परीक्षा फेब्रुवारीत होते आणि फॉर्म त्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या शेवटीशेवटी सुटतात.

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मी यंत्रमाग कामगार आहे. एमएस्सीला बाहेरगावी ठेवणं मला जमेल असं वाटत नाही. नुसत्या बीएस्सी फिजिक्सवर नोकरी लागते का? ती म्हणते मॅथ्स फार अवघड जातंय, सोडून देते.

दादा, तिला आजच सांगा, मॅथ्स सोडायचं नाही. मी हट्टानं सांगतोय असं समजू नका, कारण पैशाचं आहे. विमानतळ प्राधिकरणात ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल अशी पोस्ट असते, म्हणजे विमानानं कधी उतरायचं, किती उंचीवर थांबायचं हे टॉवरमधनं जो सांगतो तो माणूस. त्याला इंजिनिअर लागत नाही, बीएस्सी चालते, पण डिग्रीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पाहिजेत. नुसतं फिजिक्स असलं तर फॉर्मच भरता येत नाही. ऑनलाइन परीक्षा होते, मग आवाजाची टेस्ट होते, इंग्रजी स्पष्ट बोलता आलं पाहिजे, वयाची अट ओपनला २७ आहे, पगार तर बऱ्याच इंजिनिअरांपेक्षा चांगला असतो. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरनं २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा अख्खं सोलापूर बघायला गेलं होतं, तिला एकदा तिकडं घेऊन जा, लांबून का होईना टॉवर दाखवा, आणि सांगा की तिथं बसायची परीक्षा तुझ्या डिग्रीवर देता येते.

दुसरं रेल्वेचं. सोलापूर रेल्वेचं डिव्हिजन आहे, इथल्या घरांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रेल्वे भरती बोर्डाच्या २०२४ च्या जाहिरातीत टेक्निशियन ग्रेड वन सिग्नल या पोस्टला बीएस्सी फिजिक्स चालत होतं. हे बऱ्याच मुलांना माहीतच नव्हतं, त्यांनी आयटीआयवाल्यांची जाहिरात समजून सोडून दिली. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट असते, त्याची २०२२ मध्ये स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत ९९० जागांची भरती झाली होती, ती दरवर्षी निघत नाही पण निघते तेव्हा मोठी निघते. म्हणून जाहिराती वाचायची सवय लावा, दर आठवड्याला एक दिवस ठरवून.

मॅथ्स अवघड जातंय म्हणजे बहुतेक इंटिग्रेशन कच्चं राहिलंय, मी पैजेवर सांगतो. बारावीचं पुस्तक परत काढू द्या, रोज पाच गणितं, दिवाळीपर्यंत फरक दिसेल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी एमएस्सीच्या मुलांनाही बारावीचं पुस्तक काढायला लावलंय.

एमएस्सी करू का बीएड? घरचे बीएड म्हणतात.

शिकवायला खरंच आवडत असेल तर दोन्ही कर, पण आधी एमएस्सी, कारण ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायला एमएस्सी बीएड लागतं आणि नुसतं बीएससी बीएड असलं तर तू हायस्कूलपर्यंतच राहतोस. अनुदानित शाळांच्या जागा पवित्र पोर्टलवरनं, टेटच्या, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, मार्कांवर भरल्या जातात आणि त्यात वर्षं जातात, हे गृहीत धर. शिकवायला आवडत नसेल तर घरच्यांसाठी बीएड करू नकोस, वर्गातली साठ मुलं तुझी नावड पहिल्या तासाला ओळखतात.

आजीला घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रोज जात होतो, रेडिएशन चालू होतं. तिथं एक मॅडम मशीनवर काम करायच्या, सगळे त्यांना फिजिसिस्ट म्हणत होते. मला वाटलं फिजिसिस्ट म्हणजे शास्त्रज्ञ. हॉस्पिटलमध्ये त्यांचं काय काम? मी आता टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आजी आता बरी असेल अशी आशा आहे.

त्या मॅडम मेडिकल फिजिसिस्ट. डॉक्टर ठरवतात की अमुक गाठीला अमुक इतका डोस द्यायचा, पण तो डोस गाठीलाच पोचेल आणि शेजारच्या फुप्फुसाला, मणक्याला कमीत कमी लागेल, कुठल्या कोनातनं किती बीम सोडायचे, हा सगळा हिशोब फिजिसिस्टचा. डोस ग्रे या एककात मोजतात, १ ग्रे म्हणजे एका किलोमागं १ ज्यूल ऊर्जा. साधारणपणे दिवसाला २ ग्रे देतात, आठवड्यातनं पाच दिवस, म्हणून तुम्हाला रोज खेटे घालावे लागत होते. आता बारावीतला हिशोब कर, किलोला २ ज्यूल, पाण्याचा स्पेसिफिक हीट साधारण ४,२०० धर, तापमान वाढतं अर्ध्या हजारांश अंशानं. म्हणजे घोटभर चहानं अंगात जेवढी ऊब येते तेवढीसुद्धा नाही, आणि तरी तेवढ्यानं पेशींचा डीएनए तुटतो, कारण ती ऊर्जा उष्णता म्हणून पसरत नाही, एकेका अणूतले इलेक्ट्रॉन उडवत जाते. एवढीशी ऊर्जा अचूक मोजायची म्हणजे काय जबाबदारी आहे बघ. म्हणून सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन तपासतात, ठरलेल्या दिवशी पाण्याच्या टाकीत आयन चेंबर हे रेडिएशन मोजायचं साधन ठेवून बीम मोजतात. कोबाल्टचं मशीन असेल तर आणखी एक भानगड असते, कोबाल्ट-६० चं हाफ लाइफ ५.२७ वर्षं आहे, म्हणजे त्याची ताकद दर महिन्याला जवळजवळ एक टक्क्यानं उतरते, तर त्या प्रमाणात पेशंटची वेळ वाढवत न्यावी लागते. हे गणित तू टीवायला न्यूक्लिअर फिजिक्समध्ये शिकतोयस, परीक्षेत पाच मार्काला येतं, तिथं ते कुणाच्यातरी आजीसाठी करतात.

रस्ता असा आहे. एमएस्सी फिजिक्स चांगल्या मार्कांनी, ६० टक्क्यांच्या वर, मग रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात तो होतो, प्रवेश परीक्षा असते, जागा थोड्या असतात. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये वर्षभर इंटर्नशिप, आणि मग अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणं तुला काम करता येतं. हॉस्पिटलात रेडिएशन मशीन बसवलं की फिजिसिस्ट ठेवावाच लागतो, ही कायद्याची अट आहे, त्यामुळं हा रस्ता अरुंद असला तरी शेवटाला नोकरी असते. बार्शीचं हॉस्पिटल तर देशभर वेगळ्या कारणानं माहीत आहे, ग्रामीण भागातली भारतातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री १९८७ मध्ये तिथं सुरू झाली. तुझ्या घरापासनं तासाभराच्या अंतरावर हे सगळं आहे. परत गेलास तर त्या मॅडमना वेळ मागून घे आणि अर्धा तास बोल.

केगावला सोलापूर विद्यापीठात एमएस्सी करतेय, प्रोजेक्ट थिन फिल्मवर, म्हणजे काचेवर बसवायच्या अगदी पातळ थरावर आहे. सिनियर सगळे कोरियाला गेलेत पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला. पीएचडी करावी का?

तुला जे दिसतंय ते खरं आहे. २००४ मध्ये आपलं विद्यापीठ वेगळं व्हायच्या आधी आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होतो आणि थिन फिल्मचं वळण तिथनंच आलंय. स्प्रे पायरॉलिसिस, केमिकल बाथ, सिलार या पद्धतींना मोठी मशिनरी लागत नाही, बीकर, हॉट प्लेट आणि धीर यावर काचेवर फिल्म बसते, त्यामुळं खेड्यातनं आलेल्या मुलांनी कमी पैशात सोलर सेल, गॅस सेन्सर, सुपरकॅपॅसिटर यांवर काम केलं आणि त्या जोरावर परदेशातल्या लॅबमध्ये जागा मिळवली. मला त्यांचा अभिमान आहे.

पण पीएचडीची बाकीची बाजू पण ऐक. फेलोशिपशिवाय करू नकोस. सीएसआयआर नेट वर्षातनं दोनदा असते, त्यातनं जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं, मग पाच वर्षं मान वर करून काम करता येतं. नाहीतर गाईड चांगले, विषय चांगला, आणि तू तिशीत पोचल्यावर घरून पैसे मागतेस, हे मी बघितलंय. परत आल्यावर कॉलेजात कायम जागा पटकन मिळेल हेही धरून चालू नकोस, सीएचबीवर, तासाच्या हिशोबानं शिकवणारी पीएचडी झालेली मुलं माझ्या ओळखीत आहेत, चाळिशीला आलेत, उत्तम शिकवतात आणि उन्हाळ्यात त्यांना पगार नसतो. याचा मला राग येतो, पण तुझ्यापासनं लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून फिल्म करताकरताच दुसरं दार उघडं ठेव. एक्सआरडीचा, म्हणजे फिल्मवर एक्स-रे टाकून काढलेला ग्राफ फक्त रिपोर्टला चिकटवायला घेऊ नकोस, पीक तिथंच का आलं ते ब्रॅगच्या नियमानं स्वतः काढ, डेटा पायथॉनमध्ये प्लॉट करायला शीक, व्हॅक्यूम पंप उघडून बघ. गुजरातेत साणंद, धोलेराला सेमीकंडक्टरचे कारखाने उभे राहतायत, तिथं फिल्म किती जाड बसली आणि का सोलली हे सांगणारी माणसं लागतात, आणि तू दोन वर्षं तेच करतेयस. भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षाही दे, १९५७ पासनं चालू आहे, एमएस्सी फिजिक्सला साठ टक्क्यांची अट, निवड झाली की वर्षभर पगारी ट्रेनिंग आणि मग थेट सायंटिफिक ऑफिसर.

मंगळवेढ्याहून, इयत्ता दहावी. आमच्याकडं विमानानं ढगात औषध मारून पाऊस पाडला असं आजोबा सांगतात. खरंय का? ते शिकायला काय करावं लागतं?

आजोबांनी ढगावर फवारणी असं सांगितलं असेल तर बरोबर सांगितलं. सह्याद्री ओलांडून येताना वारा आपलं बरंचसं पाणी घाटावरच सांडतो, महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पडतो आणि आपल्याकडं सहा-सातशेवर समाधान. ढग येतात, काळे होतात, निघून जातात. कारण ढगातला थेंब मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, तो खाली पडतच नाही, असे जवळजवळ दहा लाख थेंब एकत्र यावे तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात तळ ठोकून प्रयोग केला, विमान ढगाच्या तळाशी, जिथं हवा वर चढते तिथं न्यायचं आणि कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवायच्या. पावसाळ्यात घरातलं मीठ कसं ओलं होतं, तसंच हे कण ओल ओढून घेतात आणि थेंब मोठे होतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. त्यांनी २७६ ढग निवडले आणि त्यातल्या काहींवर फवारलं, काहींवर मुद्दाम फवारलंच नाही. नाहीतर पडलेला पाऊस आपल्यामुळं पडला का तो पडणारच होता हे कळणार कसं? तुलना केल्यावर फवारलेल्या ढगांखाली सरासरी १८ टक्के जास्त पाऊस निघाला. आणि निरभ्र आकाशातनं कुणालाच पाऊस काढता येत नाही, ढग आधी यावा लागतो, हे आजोबांना सांग.

शिकायला बारावीला पीसीएम, मग बीएस्सी फिजिक्स मॅथ्स, मग पुणे विद्यापीठात ॲटमॉस्फेरिक सायन्सचं एमएस्सी. तोवर घरी एक काम कर, गच्चीवर सरळ उभ्या भिंतीचा डबा ठेव, रोज सकाळी ठरल्या वेळेला पट्टीनं पाणी मोज आणि वहीत लिही, शून्य असलं तरी शून्य लिही.

आयआयटीत न जाता खगोलशास्त्र करता येतं का?

येतं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, हिंगोलीत औंढ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो येतंय, आणि तिथं पोचायला आपल्याच विद्यापीठातली एमएस्सी आणि नेट किंवा जेस्टसारखी परीक्षा चालते. प्रोग्रामिंग मात्र पहिल्या वर्षापासनं शीक.

मुलाला फिजिक्सची आवड आहे, नववीत आहे. आम्ही दोघं फार शिकलेलो नाही. त्याला काय घेऊन द्यावं?

ताई, महागडे क्लास नकोत. केगावला सायन्स सेंटर आहे, सुट्टीत तिकडं घेऊन जा आणि घाई करू नका, एकेका खेळण्यापाशी त्याला हवा तेवढा वेळ थांबू द्या. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, दोन-तीनशे रुपयांत येतो. घरातले जुने सेल, टॉर्चचा बल्ब, बिघडलेला रिमोट त्याच्यापुढं टाका, कुठल्या सेलमध्ये किती व्होल्ट उरलेत ते बघू दे. बोर्डातल्या लाइटला मात्र एकट्यानं हात लावू देऊ नका, सध्या सेलवरच खेळू दे.